मोहावरचा हॉटस्पॉट

माझ्या मामाच्या घरी टॉवर मोहाच्या झाडावर राहतो.

टॉवर म्हणजे नेटवर्क. आमच्याकडे 'नेटवर्क नाही' असं कोणी म्हणत नाही, 'टॉवर नाही' म्हणतात. मामाचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत. अंगणाच्या टोकाला मोहाचं जुनं झाड आहे. त्याच्या एका फांदीवरून नायलॉनची दोरी टाकलेली, दोरीला कापडी पिशवी. पिशवीत फोन आणि पॉवर बँक ठेवायची, हॉटस्पॉट चालू करायचा आणि दोरी ओढायची. पंधरा-सोळा फुटांवर गेल्यावर फोनला फोरजीच्या दोन काड्या मिळतात. खाली आणला की शून्य. मग ओसरीवर बसून, झाडापासून तीसेक फुटांवर, लॅपटॉपवर इंटरनेट वापरायचं. ही व्यवस्था मामाने आणि माझ्या मामेबहिणीने मिळून बसवली आहे. दोरी ओढायचं काम बहिणीकडे आहे आणि ती स्वतःला लिफ्टमन म्हणवते.

२०२५ च्या १ मे रोजी मी चंद्रपूरहून तिथे गेलो ते मामाचा लॅपटॉप दुरुस्त करायला. १ तारीख महाराष्ट्र दिनाची सुट्टी, २ ला रजा टाकली, मग शनिवार-रविवार. चार दिवस. लॅपटॉप दहा वर्षं जुना. चालू केला की विंडोज १० उघडायला दहा-बारा मिनिटं लागायची, तोवर मामी चहा करून आणायची. त्यात त्या वर्षी पूर्ण स्क्रीनभर सूचना यायला लागली होती की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार. मामाने त्याचा अर्थ असा घेतला होता की १५ ऑक्टोबरला लॅपटॉप चालूच होणार नाही. तसं नव्हतं. मोफत सुरक्षा-अपडेट थांबणार होते, एवढंच. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, मामाच्या मशिनमध्ये दोन्ही नव्हतं, त्यामुळे पुढचा रस्ता बंद होता हे खरं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षापासून लिनक्स वापरतो. मला हे काम म्हणजे अर्ध्या दिवसाचं वाटलं. २४० जीबीची एसएसडी आणि लिनक्स मिंट घातलेला पेनड्राइव्ह बॅगेत टाकून मी निघालो. मूल, सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, तिथून धानोऱ्याची बस. पूर्ण रस्ताभर मी मनात मामाला लिनक्सचं महत्त्व समजावत होतो.

मामा ते महत्त्व ऐकणार नव्हता, त्याला वेळ नव्हता. चार-पाच दिवसांत तेंदूची फळी लागणार होती.

पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी थोडं सांगतो. तेंदूची पानं म्हणजे बिडीची पानं. मे महिन्यात पंधरा-वीस दिवसांचा हंगाम असतो. लोक पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, घरी बसून ७० पानांचा एक पुडा बांधतात, संध्याकाळी पुडे फळीवर नेऊन मोजून देतात. १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली शेजारच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकायला लागल्या. म्हणजे ठेकेदाराशी करार ग्रामसभा करते, पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात आणि कोणाचे किती पुडे, कोणाला किती रुपये हा हिशेबही ग्रामसभेलाच ठेवावा लागतो. मामाच्या गावात हा हिशेब मामा ठेवतो. वर्षभरात घरात रोख पैसा येतो तो बहुतेक या पंधरा दिवसांत. शाळेची फी, लग्नाचं कर्ज, बियाणं, सगळं त्यावर.

आधी ही यादी तालुक्याच्या गावी एका दुकानात टाइप करून घ्यायचे. तिथे एका वर्षी एका विधवा बाईच्या खात्याचा एक आकडा चुकला आणि तिचे पैसे भलत्याच खात्यात गेले. ते परत मिळायला पाऊस संपला. तेव्हापासून मामाने लॅपटॉप घेतला (सेकंडहँड, भद्रावतीच्या एका ओळखीच्याकडून) आणि यादी स्वतः करायला लागला. दोन टोल्यांवरची पोरं फोनवरून गुगल शीटमध्ये रोजचे पुडे भरतात, जिथे त्यांना टॉवर मिळेल तिथून. मामा रात्री ओसरीवर बसून वहीतल्या आकड्याशी एकेक ओळ ताडून बघतो. चूक दिसली की लगेच तिकडे कळवतो. म्हणून लॅपटॉपला इंटरनेट पाहिजे, आणि रात्री पाहिजे, ओसरीवर पाहिजे.

पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. मामाच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. खालचे स्क्रू काढून जुनी हार्ड डिस्क काढली, एसएसडी बसवली. आत धूळ होती, कुठून तरी आलेला एक मेलेला मुंगळाही होता. वायफायचं छोटं कार्ड दिसलं. त्यावर दोन सोनेरी टोकं होती, वायर जोडण्यासाठी. एका टोकाला बारीक काळी वायर लावलेली, दुसरं रिकामं. मला वाटलं दुसरी वायर माझ्याच हाताने निघाली. दहा मिनिटं टॉर्च लावून शोधली. नव्हतीच. झाकण लावलं आणि विसरून गेलो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून बघितलं. हे लिनक्सचं एक चांगलं आहे, बसवायच्या आधी चालवून बघता येतं. आवाज येतो का, टचपॅड चालतं का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं. वायफाय बघायला फोन हातात घेऊन हॉटस्पॉट चालू केला. यादीत नाव आलं, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. झालं. मी विंडोज पुसून टाकलं. वीस मिनिटांत लिनक्स बसलं, आणि नंतर लॅपटॉप पंचवीस सेकंदांत उघडला तेव्हा मामीने चहाचं भांडं हातातच धरून ठेवलं. मी त्या दुपारी फार खूश होतो.

संध्याकाळी फोन झाडावर गेला आणि वायफाय गेलं.

म्हणजे पूर्ण गेलं नाही. हॉटस्पॉटचं नाव यादीत यायचं, पुसट, एक काडी. क्लिक केलं की गोल फिरत राहायचं. कधी जोडलं जायचं आणि मिनिटभरात तुटायचं. मी डोक्यात असलेले सगळे उपाय सुरू केले. वायफायची वीज-बचत बंद केली, कारण लिनक्सवर रडणाऱ्या वायफायसाठी हा पहिला उपाय असतो. काही फरक नाही. हे कार्ड वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकाच चिपवर चालवतं, म्हणून ब्लूटूथ बंद केलं. नाही. फोनमध्ये जाऊन हॉटस्पॉटचं चॅनेल बदलायचा प्रयत्न केला, फोनने तो पर्यायच दिला नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. नाही. रात्री वादळ आलं, वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तो बंद पडला. मीही झोपलो.

दुसरा दिवस असाच गेला. मध्ये एक वेगळाच धक्का बसला. जुन्या वर्षीची खातेदारांची यादी उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा. मामाचा चेहरा पडला. ती यादी दुकानात कृतिदेवमध्ये टाइप झालेली होती. कृतिदेवमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल उचलून टाकली, नावं परत आली. हे पाच मिनिटांचं काम होतं, पण त्या पाच मिनिटांत मामाने माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर पुढचे दोन दिवस माझ्यासोबत राहिली.

आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाक्य बोललो. मामा विचारत होता, होईल ना रे, की मी आपली वहीच काढू. मी म्हणालो, "मामा, इथं टॉवरच नाही धड. लॅपटॉप तरी का करणार?"

मामा बाजेवर बसून दातात काडी घालत होता. म्हणाला, "विंडोजवर तं लागत होतं ना गा."

बस एवढंच. रागाने नाही, टोमणाही नाही. त्याला खरंच कळत नव्हतं की मी हे कसं काय विसरलो. तेच झाड, तीच पिशवी, तोच फोन, तीच ओसरी. बदललं होतं ते एकच, जे मी बदललं होतं. ऑफिसात कोणी ज्युनिअरने 'सर्व्हर स्लो असेल' म्हटलं तर मी त्याला हेच विचारतो की काल चालत होतं ना, मग काय बदललं. इथे मात्र मी दोन दिवस एक क्षणही हा प्रश्न विचारला नव्हता. कारण गडचिरोली म्हटलं की नेटवर्क खराब असणारच, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी स्वतः चंद्रपूरचा. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटला की पुण्याचे लोक हसून म्हणतात, 'अरे तो जंगलात आहे', तेव्हा दरवेळी मला राग येतो. एकदा तर तुटत होता त्यांच्याच ऑफिसचा राउटर. आणि मी मामाच्या ओसरीवर बसून तेच करत होतो.

मग मी आधी मोजायला घेतलं. हे पहिल्याच संध्याकाळी करायला पाहिजे होतं. लिनक्समध्ये एका कमांडने सिग्नलचा नेमका आकडा कळतो, डीबीएममध्ये. तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० म्हणजे चालेल, उणे ८५ च्या पुढे म्हणजे नुसतं नाव दिसेल. फोन खाली मागवला, लॅपटॉपला चिकटवून ठेवला: उणे ५९. चिकटवून ठेवलेल्या फोनला उणे ५९! तिथे उणे २५-३० यायला पाहिजे. दोन हात लांब: उणे ७१. फोन झाडावर, मी ओसरीवर: उणे ८८. माझा स्वतःचा लॅपटॉप त्याच बाजेवर ठेवला, त्यावर लिनक्सच आहे: उणे ५४.

म्हणजे हवेत सिग्नल होता. मामाच्या लॅपटॉपला ऐकू येत नव्हता. पहिल्या दिवशी मी फोन हातात धरून तपासलं होतं म्हणून ते लपून राहिलं. कानाशी ओरडलं तर बहिऱ्यालाही थोडं ऐकू येतं.

आणि तेव्हा मला ते रिकामं सोनेरी टोक आठवलं.

कार्डाचं नाव काढलं: आरटीएल ८७२३ बीई. आता शोधायचं होतं की या कार्डात आणि अँटेनात काय भानगड आहे. पण शोधायला इंटरनेट पाहिजे, आणि इंटरनेट झाडावर. माझा स्वतःचा लॅपटॉप आदल्या रात्रीच्या वादळात चार्ज झाला नव्हता, आकडे घेता घेता तोही मान टाकून मोकळा झाला. वीज पुन्हा गेली होती. माझ्या फोनमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्याला झाडाच्या शेंड्यावरही काही मिळत नव्हतं. माझ्या फोनची बॅटरीही संपत आलेली. उरला मामाचा फोन, जो खाली असला की मुका आणि वर असला की हाताला लागत नाही.

उपाय लिफ्टमनने काढला. म्हणाली, "दादा, खाली टाइप कर, मी वर नेते, तिथं उघडल, मग खाली आणते." फोनच्या ब्राउझरला पान उघडायला सांगितलं आणि नेट नसलं तर तो वाट बघतो, नेट आलं की स्वतःच उघडतो. आम्ही तसंच केलं. मी शोधायचे शब्द टाइप करायचे, पिशवी वर, ती मोठ्याने साठपर्यंत मोजायची, पिशवी खाली. निकालांची यादी आलेली असायची. त्यातल्या सहा-सात दुव्यांना नवीन टॅबमध्ये उघडायला लावायचं, पिशवी पुन्हा वर. दीडशेपर्यंत मोजायचं. खाली आणून वाचायचं. विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं आम्ही झाडावरून इंटरनेट उतरवत होतो. काही टॅब अर्धे यायचे. एक पान नुसत्या जाहिराती घेऊन आलं. सहाव्या-सातव्या खेपेला शेजारची दोन पोरं बघायला येऊन बसली, आणि मोजणी सामूहिक झाली, गोंडीत.

एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. दर प्रश्नामागे तीन मिनिटं लागत असली की माणूस प्रश्न नीट विचारतो. पुण्यात मी एररचा अख्खा मजकूर चिकटवतो आणि पहिला दुवा उघडतो. इथे मी टाइप करायच्या आधी बाजेवर बसून विचार करत होतो.

नवव्या का दहाव्या खेपेला उत्तर उतरलं.

प्रकार असा. या चिपला दोन अँटेना जोडायची सोय आहे. स्वस्त लॅपटॉप बनवताना कंपन्या एकच वायर लावतात, एकीचे पैसे वाचतात. तेही ठीक, एका अँटेनावर काम चालतं. पण कार्डावर एक छोटी मेमरी असते, त्यात कारखान्यातच लिहून ठेवतात की अँटेना कुठल्या टोकाला आहे. काही मॉडेलांत वायर लावली एका टोकाला आणि मेमरीत लिहिलं दुसरं. लिनक्सचा ड्रायव्हर बिचारा मेमरीत लिहिलेलं खरं मानतो आणि रिकाम्या टोकावर कान लावून बसतो. तेवढ्या सोनेरी ठिपक्यावरही थोडंफार ऐकू येतं, म्हणून जवळचं हॉटस्पॉट पकडलं जातं. वायफाय पूर्ण बंद असतं तर मी पहिल्या तासात ड्रायव्हरकडे बघितलं असतं. अर्धवट चालत होतं म्हणून झाडाला दोष दिला.

उपाय एका ओळीचा. ड्रायव्हरला 'अँट-सेल' नावाचा एक पर्याय देता येतो, अँटेना सिलेक्शनचं लघुरूप. मोडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करायची, त्यात लिहायचं की या ड्रायव्हरसाठी अँट-सेल बरोबर १ किंवा २. कुठला, ते करून बघायचं. वीज दुपारी तीनला आली. मी १ लिहिलं, ड्रायव्हर पुन्हा चढवला. उणे ८८. जशास तसं. २ लिहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. फोन झाडावर, मी ओसरीवर.

उणे ५५.

डेसिबलचं माप गुणाकाराचं असतं. दर १० ला दहापट. ८८ आणि ५५ मधला ३३ चा फरक म्हणजे जवळजवळ दोन हजारपट सिग्नल. एका आकड्याने, १ च्या जागी २. मी हे मामाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे खात्याच्या नंबरासारखंच की, एक आकडा चुकला तं पैसे भलतीकडेच. मी म्हटलं, हो.

त्या रात्री ओसरीवर गुगल शीट उघडलं. मामाने दोन्ही टोल्यांच्या पोरांना खोटे पुडे भरायला लावले, ते दिसतात का बघितलं, मग पुसले.

सगळं जमलं असं नाही. ग्रामसभेच्या ऑफिसात एक प्रिंटर आहे, देशातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो लहानसा लेझर. त्याची लिनक्सशी जुनी भांडणं आहेत आणि रविवारचा पूर्ण दुसरा अर्धा दिवस घालूनही माझ्याकडून ती मिटली नाहीत. कागद आत जायचा, कोरा बाहेर यायचा. शेवटी मी मामाला पीडीएफ करून तालुक्यात प्रिंट काढायला सांगितलं. पीडीएफमधला आकडा तिथे चुकून बदलायची भीती कमी, एवढं एक बरं. झाकण लावून उघडलं की टचपॅड कधीकधी मरतं, त्यासाठी एक शॉर्टकट करून दिला. मामा तो वापरत नाही. तो आता झाकणच लावत नाही, वरून टॉवेल टाकतो.

५ तारखेला सकाळी मी निघालो. त्याच दिवशी लिफ्टमनचा बारावीचा निकाल होता. मी बसमध्ये सावलीच्या जवळपास होतो तेव्हा मामीचा फोन आला, मोहाखालून नाही, रस्त्यावर येऊन केलेला. पास झाली. चौसष्ट टक्के. निकाल गडचिरोलीच्या मैत्रिणीने आधीच कळवला होता, पण हिने तरी ओसरीवर लॅपटॉपवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान्य केलं नाही म्हणे.

पुण्याला परतल्यावर एका रात्री मला उगाच वाटलं की बघू, ही ओळ कोणी लिहिली. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक बदलाला लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि का बदललं याचं छोटं टिपण. अँट-सेलचा तो बदल २०१६ मधला, लॅरी फिंगर यांचा. टिपणात त्यांनी सरळ लिहिलं आहे की बरेच नवे लॅपटॉप एकाच अँटेनाचे येत आहेत, आणि मेमरीत भलतंच टोक लिहिलेलं असलं की अडचण होते. लॅपटॉप उघडून वायर दुसऱ्या टोकाला लावली तर काम होईल, पण वॉरंटी जाऊ शकते. शिवाय ज्याच्याकडे विंडोजही आहे त्याचं विंडोजमधलं वायफाय त्याने बिघडेल. म्हणून हा पर्याय. मी ते दोनदा वाचलं. ज्या लॅपटॉपांना हा माणूस कधी हात लावणार नव्हता त्यांच्या मालकांच्या वॉरंटीची त्याला काळजी होती.

मग त्यांच्याबद्दल शोधलं, यावेळी झाडाशिवाय. लॅरी फिंगर संगणकाचे नव्हतेच. ते स्फटिकांच्या रचनेचे अभ्यासक, अमेरिकेत कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत काम केलेले. एल साल्वाडोरमधल्या इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या, तांबं आणि व्हॅनेडियम असलेल्या एका दुर्मीळ खनिजाला त्यांच्यावरून फिंगेराइट नाव आहे. निवृत्तीनंतर त्यांनी लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांवर काम सुरू केलं. तेव्हा, २००५ च्या सुमारास, लिनक्सवर वायफाय चालवणं म्हणजे शिक्षा होती. कंपन्या चिप कशी चालते ते सांगायच्या नाहीत. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी तर स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप काय करते त्याचं वर्णन लिहिलं, दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न बघता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे कोणी चोरी म्हणू नये. फिंगर त्या ड्रायव्हरांवर राबले, पुढे रिअलटेकच्या. कर्नलमध्ये त्यांच्या नावावर हजारापेक्षा जास्त बदल आहेत. २१ जून २०२४ रोजी ते वारले, ८४ वर्षांचे होते.

म्हणजे मी मोहाखाली दोरी ओढत होतो तेव्हा त्यांना जाऊन दहा महिने झाले होते.

आमच्या चंद्रपुरात दगड म्हटलं की कोळसा, आणि कोळसा म्हटलं की माणसं खाणीत नोकरी लागेल का एवढंच विचारतात. दगडाच्या स्फटिकात आयुष्य घालवलेला कोणी म्हातारपणी दुसऱ्यांच्या वायफायची दुरुस्ती करत बसेल, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मामाला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, पगार भेटत होता का? म्हटलं, नाही. मग थोडा वेळ काही बोलला नाही. मामालाही हिशेबाचे काही मिळत नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

हंगाम पार पडला. अठ्ठावन्न कुटुंबांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेत गेली. एक खातं परत आलं, पण ते बँकेतच बंद पडलेलं होतं, आकडा बरोबर होता. मामाने मला हे तीन वेळा सांगितलं.

निघण्याआधी मी त्याच्या स्क्रीनवर वरच्या पट्टीत सिग्नलचा आकडा कायमचा लावून दिला होता, म्हणजे पुढच्या वेळी काही बिघडलं तर मला फोनवर आकडा सांगता यावा. आता तो काही न बिघडताही सांगतो. ऑगस्टमध्ये एकदा कामाच्या मधोमध फोन आला. मी घाबरून उचलला. तिकडून पावसाचा आवाज येत होता.

"आज मायनस त्रेसष्ट आहे गा. मोहाची पानं ओली झाली असतील, नाही का?"